दीडशे कोटींच्या देशात नऊचा पट

पत्र असं आहे :

"मी पाटण तालुक्यातल्या एका डोंगरी गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी, यंदाचा पट नऊ. सासरे निवृत्त शिक्षक. ते सात भावंडांतले, पण पुढे सगळ्यांनीच दोन मुलांवर थांबवलं. त्यांच्या मते देशाच्या साऱ्या दुखण्यांचं मूळ एकच : माणसं फार झाली. मोठे दीर कराडला असतात, रविवारी येतात. ते म्हणतात, आपली माणसं कमी होत चाललीत, प्रत्येकानं तीन तरी होऊ द्यावीत. त्यांचा मुलगा बारावी सायन्सला. तो म्हणतो, जनुकं तपासली की कोण अस्सल आणि कोण उपरा ते कळतं. दर रविवारी ताटावर यांची जुंपते. मी वाढत असते आणि माझ्या डोळ्यांपुढे ती नऊ पोरं असतात. या तिघांचं आणि त्या नवांचं काही केल्या जुळत नाही. मला या विषयावरची पुस्तकं वाचायची आहेत. इंग्रजी जमतं, पण दमानं. कुठून सुरू करू? ता. क. मला एकच मुलगी, सहावीत आहे. सासूबाई अजून विचारतात."

ताई,

तुमच्या घरचं हे भांडण सव्वादोनशे वर्षांचं आहे, आणि ते सुरू झालं तेही एका घरातच. इंग्लंडात थॉमस माल्थस नावाचा एक तरुण पाद्री होता. वडील मोठे आशावादी. माणूस सुधारत जाणार, एक दिवस सगळ्यांना पोटभर मिळणार, असं त्यांना वाटे. मुलाला ते पटेना. बापलेकांच्या त्या वादातून १७९८ साली एक पुस्तक निघालं, तेही निनावी. सार एवढंच की धान्य वाढतं एक, दोन, तीन, चार असं आणि माणसं वाढतात एक, दोन, चार, आठ अशी. मग उपासमार, रोगराई आणि लढाया हिशेब जुळवून आणतात. हेच माल्थस पुढे १८०५ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरीच्या कॉलेजात शिकवत होते. हिंदुस्थानात कारभार करायला यायची ती पोरं त्यांच्या हाताखालून आली. तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांच्या दुष्काळाकडे साहेब ज्या चष्म्यातून बघायचा, त्याचा नंबर कुठे काढला होता ते कळतं. तुमच्या सासऱ्यांना माल्थस वाचायला देऊ नका. तो त्यांना पाठ आहे.

तुम्हीही त्याच्यापासून सुरू करू नका. मी बरीच वर्षं ग्रंथालयात काढली. या विषयावरच्या पुस्तकांची एक खोड तेव्हापासून बघतोय : मोजायला बसण्याआधीच ती घाबरलेली असतात. १९६८ साली अमेरिकेत 'द पॉप्युलेशन बॉम्ब' आलं, माणसांच्या गर्दीला भ्यालेलं. २०१९ साली 'एम्प्टी प्लॅनेट' आलं, माणसं संपतील म्हणून काळजीत पडलेलं. पन्नास वर्षांत भीती उलटी झाली, आवाज तोच राहिला. एकाच बाजूचं हाती लागलं तर तुम्ही रविवारी सासऱ्यांच्या तरी बाजूला जाल नाहीतर दिरांच्या. म्हणून आधी स्वतः मोजता येईल असं काहीतरी वाचा.

ते तुमच्या शाळेच्या लोखंडी कपाटात आहे. जनरल रजिस्टर.

हसू नका. साताऱ्यात एका शाळेच्या रजिस्टरातली एक नोंद बघायला लोक अजून लांबून येतात. ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव पहिलीत घातल्याची ती नोंद. त्या तारखेला आता राज्यभर विद्यार्थी दिवस असतो. तुमच्या रजिस्टरात तसं कुणी नसेल, पण गावाचा सगळा चढ-उतार त्यात आहे. एक दोनशे पानी वही घ्या. दर जूनला पहिलीत किती नावं दाखल झाली ते वर्षावर वर्ष लिहीत चला. शेजारी मुली किती ते. मग जन्मस्थळाचा रकाना. आणि शेवटी 'शाळा सोडण्याचे कारण' हा रकाना, तो सावकाश वाचा. 'मुंबईस गेला', 'वडिलांबरोबर मुंबईस', 'पालकांच्या विनंतीवरून'. पाटण-जावळीच्या घरांना मुंबई नवी नाही. गिरणीत गेले, गोदीत गेले, मसाल्याच्या बाजारात पाठीवर पोती घेतली. माथाडींचे अण्णासाहेब पाटील तुमच्याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. माझे वडीलही अशाच एका रजिस्टरात चौथीतून 'मुंबईस गेला' म्हणून खारीज झालेले आहेत. हिरवट शाईत, कुणा मास्तरांच्या सुंदर वळणदार अक्षरात.

कुठल्याही गावाची संख्या तीनच कारणांनी बदलते : जन्म, मरण आणि येणं-जाणं. सासरे फक्त पहिल्याबद्दल बोलतात, दीरही. दुसऱ्याचं कुणाला सुचत नाही आणि तिसरं तर घरातलंच असल्यामुळे दिसत नाही. तुमच्या नवाच्या पटात तिसऱ्याचा वाटा केवढा, हे त्या वहीत एका दुपारी दिसेल. चौथं एक कारण आहे जे पुस्तकांत सापडणार नाही. ते म्हणजे सकाळी साडेआठला फाट्यावर येणारी इंग्रजी शाळेची पिवळी गाडी.

रजिस्टर वाचताना जन्मतारखांकडे जरा संशयानं बघा. पानामागून पान '१ जून' दिसेल. तुम्हाला कारण ठाऊक आहे : जूनला शाळा सुरू, पोराची तारीख आईला आठवत नाही, मास्तर म्हणाले, लिहा एक जून. जगभरच्या लोकसंख्याशास्त्रज्ञांना हीच डोकेदुखी असते. जनगणनेत वय विचारलं की माणसं चाळीस सांगतात, पंचेचाळीस सांगतात. एकोणचाळीस आणि त्रेचाळीस फार थोडी सांगतात. मग आकड्यांचे ढीग शून्याला आणि पाचाला साठतात, आणि ते ढीग किती उंच आहेत यावरून पाहणी कितपत भरवशाची ते ठरवतात. हे एकदा कळलं की छापलेला प्रत्येक आकडा आधी कुणाच्या तरी तोंडातून आलाय, हे विसरायला होत नाही.

आता रजिस्टरावरून जनुकांवर. उडी मोठी वाटेल, पण ती मी मारत नाही. एका इटालियन माणसानं मारली आहे. लुईजी लुका काव्हाली-स्फोर्झा. १९५० च्या दशकात ते पार्मा शहराच्या आसपास काम करत होते. एक पाद्री त्यांचा विद्यार्थी होता, आणि चर्चच्या जुन्या वह्यांत शेकडो वर्षांचे जन्म, लग्नं, मृत्यू लिहिलेले पडून होते. म्हणजे तुमचं रजिस्टरच. त्या वह्यांवरून कोणतं गाव केवढं, कुणाची लग्नं कुणाशी झाली ते काढलं आणि त्याच गावांतल्या माणसांचे रक्तगट तपासले. डोंगरावरच्या लहान लहान गावांमध्ये रक्तगटांचं प्रमाण एका गावाहून दुसऱ्या गावात बरंच वेगळं निघालं. खाली सपाटीवरच्या मोठ्या गावांमध्ये ते जवळजवळ सारखं.

का? कोरेगावकडचा घेवडा आणा. निम्मा लाल, निम्मा पांढरा असा पोत्यात मिसळा. पोत्यातून पायली भरून घेतलीत तर लाल-पांढरं निम्मंनिम्मंच येईल. पण मूठभरच घेतलात तर कधी सात लाल तीन पांढरे, कधी उलटं. तेवढीच मूठ पेरली, त्या पिकातून पुन्हा मूठभर ठेवला, असं दहा वर्षं केलंत तर एखादा रंग नुसत्या योगायोगानं नाहीसा होईल. पांढरा दाणा कमअस्सल होता म्हणून नव्हे, मूठ लहान होती म्हणून. हे पुतण्याला करून दाखवा, त्याच्या पुस्तकात ते 'जेनेटिक ड्रिफ्ट' या नावानं असेल. लोकसंख्येचा आकार आणि जनुकं यांचं नातं जितकं त्या मुठीत कळतं तितकं मला जाड पुस्तकांत कळलं नाही. काव्हाली-स्फोर्झांचं 'जीन्स, पीपल्स अँड लँग्वेजेस' हे छोटं पुस्तक मात्र जरूर वाचा. तुमच्या दमानं वाचण्यासारखं आहे.

मराठीत म्हणाल तर इरावती कर्वे. 'युगान्त' तुम्ही वाचलं असेल, पण बाई मूळच्या माणसं मोजणाऱ्या. तरुणपणी बर्लिनला ऑयगेन फिशर या प्राध्यापकाकडे संशोधन केलं. फिशरचा कयास होता की कवटीच्या दोन बाजूंतल्या असमानतेत वंशावंशांचा फरक दिसेल. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा फरक मिळाला नाही म्हणून लिहून दिलं, गुरूच्या तोंडावर. या फिशरनं पुढे नाझींच्या वंशशास्त्राला हातभार लावला. बाई पुण्याला येऊन डेक्कन कॉलेजात रमल्या, महाराष्ट्रभर हिंडल्या. 'मराठी लोकांची संस्कृती' आणा. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न चालतं पण आत्याच्या मुलीशी करायला नको म्हणतात, उत्तरेत दोन्ही निषिद्ध, खाली दक्षिणेत दोन्ही चालतात. आपण या दोहोंच्या सीमेवर बसलेलो आहोत, हे त्यांनी जितकं नेमकं टिपलं तितकं कुणी नाही. आणि तुम्ही पाटणच्या, तर त्यांनी जाई निंबकरांबरोबर केलेली कोयनेच्या धरणग्रस्तांची पाहणी शोधाच. १९६९ ला डेक्कन कॉलेजनं छापली. इंग्रजीत आहे. गाव पाण्याखाली गेल्यावर घराणी कशी पांगली, सोयरिकी कुठे तुटल्या, याची ती नोंद. तुमच्या रजिस्टरात १९६० च्या आगेमागे एकदम नावं दिसेनाशी झाली किंवा नवी आडनावं आली, तर उत्तर तिथे मिळायची शक्यता आहे.

सासऱ्यांचं घेऊ. त्यांची टिंगल नको. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण ज्यांच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेला होता, त्यांची ती पिढी. पाहणीच्या दिवशी साहेबांसमोर मुलांकडून 'लहान कुटुंब, सुखी कुटुंब' म्हणवून घेतलेली. मघाचं 'द पॉप्युलेशन बॉम्ब' हे त्या काळाचं बायबल. पॉल एर्लिक हे त्याचे लेखक, मूळचे फुलपाखरांचे अभ्यासक. पुस्तक दिल्लीतल्या एका उकाड्याच्या रात्री टॅक्सीच्या खिडकीतून दिसलेल्या गर्दीनं सुरू होतं. १९७० च्या दशकात कोट्यवधी माणसं भुकेनं मरतील, आता काही उपाय नाही, असं ते छातीठोक सांगतं. तसं झालं नाही. १९८० साली ज्युलियन सायमन या अर्थतज्ज्ञानं एर्लिकशी पैज लावली : तांबं, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन हे पाच धातू दहा वर्षांत महाग होतात की स्वस्त बघू. स्वस्त झाले. १९९० ला एर्लिकनी ५७६ डॉलर ७ सेंटचा चेक पाठवून दिला. पण सायमन जिंकले म्हणून तेच खरे, असंही नका धरू. दुसरी कुठली दहा वर्षं घेतली असती तर बहुतेक वेळा पैज उलटी गेली असती, असं पुढे अभ्यासकांनी दाखवलं आहे.

त्यावर उतारा म्हणून महमूद ममदानींचं 'द मिथ ऑफ पॉप्युलेशन कंट्रोल' द्या, १९७२ चं. दीडएकशे पानांचं असेल-नसेल. पंजाबात खन्ना नावाच्या गावाच्या आसपास हार्वर्डच्या लोकांनी १९५० च्या दशकात संततिनियमनाचा मोठा प्रयोग केला. घरोघर जाऊन बायकांना गोळ्या दिल्या, महिन्याच्या महिन्याला चौकशी केली. लोकांनी गोळ्या घेतल्या. जन्म काही त्यामुळे घटले नाहीत. ममदानी नंतर त्यातल्या मनुपूर गावात गेले आणि विचारलं, झालं काय? लोक म्हणाले, एवढी शिकलेली माणसं लांबून येतात, प्रेमानं देतात, नाही कसं म्हणायचं? घेतल्या आणि ठेवून दिल्या. एका घरात त्या गोळ्यांच्या डब्या एकावर एक रचून शोभेची मूर्ती केलेली होती. पाणी भरण्याचं काम करणाऱ्या एकानं तर ऐकवलं की मला तुम्ही सांगत होता गरिबाला पोरं परवडत नाहीत; आता बघा, मुलगे कमावतात आणि मी घरी आरामात बसलोय. हे प्रकरण सासऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. अशा डब्या त्यांनीही कुणाच्या तरी फडताळात पाहिल्या असतील. त्यांना आठवेल. आणि आठवलं की १९७६-७७ आठवेल, जेव्हा एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या आणि शिक्षकांना 'केसेस' आणायचं लक्ष्य दिलं गेलं. आपल्या विधिमंडळानं तर तेव्हा सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. त्या वर्षाबद्दल सासऱ्यांना विचारून बघा. ते सांगतील किंवा उठून जातील. दोन्हीतून तुम्हाला कळेल.

तरी एका बाबतीत ते बरोबर आहेत, आणि ते त्यांना सांगायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या, देशात एका बाईमागे सरासरी मुलं २.० निघाली, महाराष्ट्रात १.७. आई-बापाच्या जागी तेवढीच माणसं उभी राहायला साधारण २.१ लागतात. म्हणजे आपण खाली आलो. तरी संख्या अजून वाढतेच आहे. कसं? सासऱ्यांचंच घर घ्या. सात भावंडं, त्यांचे सात जोडीदार, चौदा माणसं. प्रत्येक जोडप्याला दोन, मुलं चौदा. वाढ नाही. पण हे सगळे जोडीदार तशाच एका सात भावंडांच्या घरातून आले असं धरलं, तर वरच्या पिढीतून त्या काळात गेले किती? दोन्ही घरचे आई-बाप, चार. गेले चार, आले चौदा. आणि कुणीही दोनाच्या वर गेलेलं नाही. ही जुन्या पिढीनं दिलेली गती आहे. उतारावर पॅडल मारायचं थांबवलं तरी सायकल काही अंतर जातेच. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानं आपला आकडा २०६० च्या दशकात कधीतरी टेकेल, एकशे सत्तर कोटींच्या आसपास. तोवर सासरेही खरे आणि तुमचा नवाचा पटही खरा.

दिरांसाठी एकच पुस्तक, एस. वाय. कुरेशींचं 'द पॉप्युलेशन मिथ', २०२१ चं. हे गृहस्थ देशाचे मुख्य निवडणूक आयुक्त होते, आकड्यांशी खेळणारे नव्हेत. दीर 'आपली माणसं' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात कोण असतं ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण अंदाज येतो. १९९२-९३ मध्ये हिंदू बाईमागे ३.३ मुलं आणि मुसलमान बाईमागे ४.४. २०१९ ते २१ च्या पाहणीत १.९४ आणि २.३६. दोन्ही उतरले, आणि ज्यांचा आकडा वर होता ते जास्त उतरले. त्याच पाहणीत बिहारात ३.० आणि आपल्याकडे १.७; धर्म राहू दे, मुलगी किती शिकली आणि दवाखाना किती लांब, हेच सगळीकडे आडवं येतं. दीर ऐकणार नाहीत. तुम्ही आकडे तोंडपाठ करून ठेवा आणि आमटी वाढताना सांगा. दिरांना आणखी एक विचारा : तिसरं होऊ द्यायचं म्हणता, मग सरपंचकीला उभं कोण राहणार? १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं झालेल्याला आपल्या राज्यात ग्रामपंचायतीची निवडणूक बंद आहे.

पुतण्याचं मला जास्त वाटतं. बाकीच्या दोघांचं वय झालं. त्याला डेव्हिड राइख यांचं 'हू वी आर अँड हाउ वी गॉट हिअर' द्या, २०१८ चं, आणि त्यातलं भारतावरचं प्रकरण आधी वाचायला सांगा. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या आपल्या शास्त्रज्ञांबरोबर केलेलं काम त्यात आहे. साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथे जवळजवळ सगळे सगळ्यांत मिसळले, वरचे-खालचे, डोंगरातले-सपाटीवरचे. आणि मग केव्हातरी दारं लावून घेतली, जातीतच लग्नं सुरू झाली. अस्सल शोधायला निघालेल्यानं हे आधी वाचलेलं बरं. नंतर राखीगढीचं, हरियाणातल्या सिंधू संस्कृतीच्या जुन्या वस्तीचं. डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि राइख यांच्या गटानं २०१९ ला तिथल्या एका बाईच्या सांगाड्यातलं डीएनए वाचून दाखवलं. एक बाई, साडेचार हजार वर्षांपूर्वीची. तिच्यावरून दोन्ही बाजूंनी छाती पिटणारे लोक टीव्हीवर आले होते. एवढ्या मोठ्या प्रश्नाला एक हाड किती पुरतं, हे त्याला तुम्हीच विचारा.

आणि कुळाचा विषय निघाला की त्याला गणित घाला. दोन आई-बाप, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा. दर पिढीला दुप्पट. तीस पिढ्या मागे जा, म्हणजे ज्ञानेश्वरांच्याही थोडं अलीकडे-पलीकडे. पूर्वजांच्या जागा १,०७,३७,४१,८२४. एकशे सात कोटी. तेवढी माणसं तेव्हा साऱ्या पृथ्वीवर नव्हती. म्हणजे तीच तीच माणसं पुन्हापुन्हा त्या जागांवर बसलेली आहेत, आणि त्याची आणि शेजारच्या वाडीतल्या कुणाचीही वंशावळ कुठेतरी एकाच माणसापाशी येऊन मिळते. शहाण्णव कुळं मोजायला त्यानं खुशाल बसावं.

याच शास्त्राची काळी बाजूही त्याला माहीत हवी. माल्थस वाचून १८३८ मध्ये डार्विनला नैसर्गिक निवडीची किल्ली सापडली. डार्विनचा आतेभाऊ फ्रान्सिस गाल्टन त्यातून 'चांगली माणसं वाढवा, बाकीची रोखा' इथवर पोचला आणि १८८३ ला त्याला 'युजेनिक्स' असं नावही दिलं. रोनाल्ड फिशर (बर्लिनचा तो वेगळा) हा जनुकशास्त्रातला फार मोठा गणिती. त्याच्या १९३० च्या ग्रंथाचा शेवटचा भाग वरच्या वर्गाला मुलं कमी होतात याच्या चिंतेत गेला आहे. तुमच्या दिरांची तक्रार केंब्रिजच्या इंग्रजीत.

आता ता. क.

तुम्ही प्रश्न विचारलाच नाहीत, नुसती ओळ टाकलीत. म्हणून मीही थोडक्यात. १.७ मुलं कुठल्याही बाईला होत नाहीत. तो लाखो बायकांचा हिशेब आहे आणि त्यातला तुमचा वाटा भरायचं तुमच्यावर कुठलंही बंधन नाही, देशाचं नाही आणि दिरांच्या समाजाचंही नाही. हवं असेल तर तुम्ही आणि यजमान ठरवा, नको असेल तरी तुम्हीच. सासूबाई 'अजून एक' म्हणतात की 'एक मुलगा' म्हणतात, ते मात्र नीट ऐका. ती दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसरं असेल तर त्याचा हिशेब आपल्या भागात फार वाईट निघालेला आहे : २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे राज्यात ९१३ मुली होत्या, आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यात ८५१. ऊस, द्राक्षं, दूध, सोनोग्राफी, सगळं असलेला जिल्हा.

रजिस्टरात 'नकुसा', 'नकोशी' शोधा. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्हा परिषदेनं अशा २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलली होती. तुमच्या शाळेतलीही एखादी त्यात असेल, तर जुन्या नावावर आडवी रेघ आणि वर नवं नाव दिसेल.

या बाजूचं वाचायचं तर र. धों. कर्वे. मुंबईत १९२१ ला संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२३ ला पुस्तक लिहिलं, १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. नोकरी गेली, खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर, साताऱ्याच्या त्या रजिस्टरातले. १९३८ ला मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला तोही बाबासाहेबांच्याच वतीनं, नामंजूर झाला. र. धों.चं सगळंच आज पटणार नाही, पण माणसं किती हवीत हा प्रश्न त्यांनी देशापासून सुरू केला नाही, बाईपासून केला. हे इरावतीबाईंचे थोरले दीर. दीर म्हटल्यावर एवढं सांगावंसं वाटलं.

पुस्तकं मिळण्याचं म्हणाल तर इंग्रजी पुस्तकं पुतण्या मोबाइलवरून मागवेल, त्याला कामाला लावा. सगळ्या हिंदुस्थानचा इतिहास एका जागी हवा तर टिम डायसनचं 'अ पॉप्युलेशन हिस्टरी ऑफ इंडिया', पण ते महाग आहे आणि संदर्भाचं पुस्तक आहे, सलग वाचायचं नाही. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आणि १९२१ च्या जनगणनेत घटलेला देश, एवढा भाग वाचलात तरी पुष्कळ. मराठीतून शब्द आणि कल्पना पक्क्या करायच्या तर वाईच्या मराठी विश्वकोशातल्या 'लोकसंख्या' आणि 'आनुवंशिकी' या नोंदी फुकटात इंटरनेटवर आहेत. आकडे जुने झालेत, समजावणं नाही. एस्टर बोसरप यांचं १९६५ चं शेतीवरचं छोटं पुस्तक मिळालं तर सोडू नका. माल्थसला उलटं करणारं आहे : माणसं वाढली की जमीन कसायची रीत बदलते. तुमच्या डोंगरातल्या म्हाताऱ्यांना कुमरी, म्हणजे डोंगरातली फिरती शेती, कशी करायचे आणि खाचरं कधी बांधली ते विचारून मग वाचा, निम्मं पुस्तक आधीच कळलेलं असेल.

घाई करा असंही म्हणेन. २०२१ ची जनगणना झालीच नाही. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे आणि या वेळी जातही विचारणार आहेत. प्रगणक म्हणून ड्यूटी शिक्षकांनाच लागते, तुम्हाला ठाऊक आहे. दारात उभ्या राहून वय विचाराल तेव्हा समोरची आजी 'लिही साठ' म्हणेल. साठ लिहायच्या आधी तिला विचारा, भूकंपाच्या वेळी केवढी होतीस? कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. तुमच्या तालुक्यात तो सगळ्यांना आठवतो.

एक शेवटचं, रजिस्टराबद्दल. ते घरी नेऊ नका, शाळा सुटल्यावर तिथेच बसून वाचा. जुनी पानं दुमडीवर तुटतात, तेव्हा उलटताना खालून तळहात द्या. फोटो काढलेत तरी गावाच्या ग्रुपवर टाकू नका; त्यात जात आहे, बापाचं नाव आहे, कुणाची नापास झालेली वर्षं आहेत. वहीत नावं उतरवू नका, नुसते आकडे उतरवा. आणि सासऱ्यांना एखाद्या शनिवारी बरोबर न्या. निवृत्त शिक्षकाला जुनं अक्षर वाचता येतं, तुमचं काम निम्म्या वेळात होईल.